‘पुरे’ म्हणण्याची श्रीमंती

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मराठी मध्यमवर्ग पुष्कळ फिरला. ज्या घरात एकेकाळी काशीयात्रा ही आयुष्यातली सर्वांत लांबची मजल होती, त्या घरातली मंडळी आज सिंगापूर, दुबई, स्वित्झर्लंड करून येतात. फिरावे, अवश्य फिरावे. देशाटनाने माणूस शहाणा होतो, असे आपल्याकडे पूर्वापार मानले गेले आहे. पण या प्रवासांचा नकाशा एकदा समोर पसरून पाहिला, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. आपण बहुतेक वेळा आपल्याहून श्रीमंत देशांतच जातो. तिथले रस्ते पाहतो, तिथली दुकाने पाहतो आणि परत आल्यावर महिनाभर शेजाऱ्यापाजाऱ्यांना आपल्या देशाचे दोष ऐकवतो. श्रीमंत देशातून परतणारा माणूस आपल्याकडे अजून काय काय नाही याची यादी घेऊन येतो. गरीब देशातून परतणारा माणूस, डोळे उघडे ठेवून गेला असेल तर, नेमकी उलटी यादी आणतो. आपल्या घरात नको इतके काय काय साठले आहे, याची ती यादी असते.

गेल्या वर्षी प्रस्तुत लेखकाला आफ्रिकेतील रवांडा या देशात आठवडाभर राहण्याचा योग आला. महाराष्ट्राच्या जेमतेम बाराव्या हिश्श्याएवढा हा डोंगराळ देश. समुद्रकिनारा नाही, खनिज तेल नाही. २०२२ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १ कोटी ३२ लाख. दरडोई उत्पन्न भारताच्या निम्म्याहूनही कमी. १९९४ साली एप्रिल ते जुलै या सुमारे शंभर दिवसांत या देशात किमान आठ लाख माणसे, मुख्यतः तुत्सी समाजाची, शेजाऱ्यांच्याच हातून कोयत्यांनी आणि दंडुक्यांनी मारली गेली. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना तिथे हजर होती. ऐन संहाराच्या काळात तिची संख्या वाढवण्याऐवजी घटवण्यात आली. राजधानी किगालीतील गिसोझी येथील स्मारकाच्या आवारात अडीच लाखांहून अधिक मृतांना चिरविश्रांती मिळाली आहे. जगाने ज्याला वाऱ्यावर सोडले, असा हा देश आहे.

अशा देशाकडून आपण काय शिकायचे, असा प्रश्न एखाद्याच्या ओठांवर येईल. शिकवण देण्याचा अधिकार फक्त श्रीमंतांना असतो, ही समजूत आपल्या मनात किती खोल रुजली आहे, हेच त्या प्रश्नातून दिसते.

विमानतळावरची पिशवी

किगालीच्या विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशाजवळ प्लॅस्टिकची पिशवी असेल तर ती तिथेच ठेवून घेतात. आरडाओरडा नाही, चिरीमिरीची अपेक्षा नाही. ‘ही आमच्या देशात चालत नाही’ एवढेच नम्रपणे सांगितले जाते. आमच्याच विमानातून आलेल्या एका मराठी सद्गृहस्थांना आपल्या चिवड्या-लाडवांची व्यवस्था दुसऱ्या पिशवीत करावी लागली, तेव्हा ते वैतागून म्हणाले, ‘बंदी काय, आमच्याकडेही आहे, पण इतकी मनावर कोण घेतो?’

त्या सद्गृहस्थांनी नकळत महाराष्ट्राचा वीस वर्षांचा इतिहास एका वाक्यात सांगितला. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गटारे आणि नाले तुंबले, शेकडो माणसे दगावली. नाल्यांत अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांकडे तेव्हा सर्वांनी बोट दाखवले आणि राज्य सरकारने पिशव्यांवर बंदी जाहीर केली. पुढच्याच वर्षी नियम आले, त्यांत पिशवीच्या जाडीची मर्यादा ठरली आणि जाड पिशवीला वाट मोकळी झाली. २०१८ साली पुन्हा व्यापक बंदी आली. काही आठवड्यांतच तिला सवलतींची ठिगळे लागू लागली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आहे. आज कोणत्याही भाजी मंडईत जाऊन उभे राहावे. कोथिंबिरीची एक जुडी घेणाऱ्यालाही पातळ पिशवी लागते, आणि ती दिली नाही तर भाजीवालीला गिऱ्हाईक तुटण्याची धास्ती असते.

रवांडाने कायदा केला २००८ साली, म्हणजे आपल्या पहिल्या घोषणेनंतर तीन वर्षांनी. पिशव्यांचे उत्पादन, आयात, विक्री आणि वापर या चारही गोष्टी त्याने बंद केल्या. २०१९ मध्ये एकदाच वापरायच्या इतर प्लॅस्टिक वस्तूंकडे मोर्चा वळवला. किगालीच्या किमिरोंको बाजारात हिंडताना कांदे, केळी, घेवडा सारे कागदाच्या वा कापडाच्या पिशवीत, नाहीतर टोपलीत घातलेले दिसते. ज्या विक्रेतीची दिवसभराची कमाई आपल्या एका कॉफीच्या पेल्याइतकीही नसेल, ती प्लॅस्टिकविना व्यवहार करू शकते. आपल्याला मात्र ते ‘व्यवहार्य’ वाटत नाही. व्यवहार्यतेचा प्रश्न पैशाचा असता तर उत्तर उलटे यायला हवे होते. हा प्रश्न सवयीचा आहे, आणि सवय मोडताना होणारी किंचितशी गैरसोयसुद्धा न सोसण्याचा आहे.

एका लुगड्याचे आयुष्य

आपली मूळ प्रकृती अशी नव्हती. ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे, त्यांनी आपल्या आजीचे लुगडे आठवावे. ते आधी सणावाराला नेसले जाई, मग रोजचे होई. विरायला लागले की त्याच्या धडक्या भागातून नातीचे परकर-पोलके शिवले जाई. उरलेल्या मऊ कापडाचे बाळाला दुपटे होई. पुढे तेच कापड गोधडीच्या थरात जाई, गोधडी जीर्ण झाली की पायपुसणे, आणि पायपुसण्याच्या चिंध्या झाल्या की चूल पेटवताना त्यांचा बोळा. त्यातूनही एखादे वस्त्र शिल्लक राहिलेच, तर दारावर बोहारीण येई आणि घासाघीस करून एखादे स्टीलचे पातेले देऊन ते घेऊन जाई. या साऱ्याला कोणी पर्यावरणरक्षण म्हणत नव्हते. घर चालवण्याची ती साधी रीत होती. त्यात गरिबीचा भाग होता, हे खरेच; पण वस्तूबद्दलची कृतज्ञताही होती. अन्न टाकले तर आजी रागावत असे, तशीच कापड फाडले तरी रागावत असे.

आज आपल्या घरात काय चालते? कपाटाचे दार लोटून लावावे लागते. भ्रमणध्वनीवर अर्ध्या रात्री सवलतीचा निरोप येतो, सकाळी कपडे मागवले जातात, चार दिवसांनी त्यांतले निम्मे परत पाठवले जातात. लग्नातल्या शालूला जन्मात दोनदा घडी मोडण्याचे भाग्य लाभत नाही. ‘हा ड्रेस मागच्या समारंभाच्या फोटोत आला आहे’ हे कारण नवा घेण्यास पुरेसे ठरते. बोहारणीला आता आपल्या संकुलाच्या फाटकावर रखवालदार अडवतो. मग जुने कपडे कुठे जातात? आपण ते एका गाठोड्यात बांधतो आणि ‘गरजूंना’ देतो. देताना मनाला समाधान वाटते. त्या समाधानात दानाचा वाटा किती आणि नव्या खरेदीसाठी कपाट रिकामे झाल्याचा किती, हे ज्याचे त्याने मनाशी तपासावे. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीगच्या ढीग रस्त्याच्या कडेला पडून होते. सर्वस्व गमावलेले कोळी त्यांतले फारसे उचलत नव्हते. ज्यांना आपण याचक समजलो होतो, त्यांनाही स्वाभिमान होता.

हेच चित्र जागतिक पातळीवर पाहायचे असेल तर आफ्रिकेत जावे लागते. युरोप-अमेरिकेतील दानपेट्यांत पडलेले कपडे गठ्ठे बांधून केनिया, घाना, युगांडा, टांझानिया या देशांत विकले जातात. केनियात या मालाला ‘मितुंबा’ म्हणतात, म्हणजे गठ्ठे. नैरोबीचा गिकोंबा बाजार या मालासाठी प्रसिद्ध आहे. हा कपडा स्वस्त पडतो, अनेकांची त्यावर रोजीरोटी चालते. आणि त्याच वेळी तिथला गिरणीवाला, शिंपी आणि कापूस पिकवणारा मागे पडतो. या उलाढालीत आपण केवळ प्रेक्षक आहोत, असेही कोणी समजू नये. गुजरातमधील कांडला विशेष आर्थिक क्षेत्रात परदेशी जुने कपडे निवडून, प्रतवारी लावून पुन्हा आफ्रिकेकडे रवाना होतात. पानिपतचे कारखाने तर जगाच्या जुन्या लोकरीच्या चिंध्यांपासून सूत आणि घोंगड्या करण्यासाठीच ओळखले जातात.

२०१६ साली पूर्व आफ्रिकेतील देशांनी एकत्र बसून ठरवले की, २०१९ पर्यंत ही आयात टप्प्याटप्प्याने बंद करायची. रवांडाने तत्काळ जुन्या कपड्यांवरील कर किलोमागे २० सेंटवरून अडीच डॉलरपर्यंत चढवला. अमेरिकेतील जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने आपल्या सरकारकडे तक्रार केली. आमचे चाळीस हजार रोजगार जातील, असा तिचा दावा होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाने आपले टाकाऊ कपडे घ्यायला नकार देतो म्हणून एका चिमुकल्या देशाला धमकावावे, हे दृश्य जागतिकीकरणाच्या आरत्या ओवाळणाऱ्यांनी नीट पाहावे. सवलती काढून घेण्याचा इशारा मिळताच केनिया मागे हटला, पाठोपाठ टांझानिया आणि युगांडाही हटले. रवांडा हटला नाही. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेने त्याच्या तयार कपड्यांची करमुक्त निर्यातीची सवलत थांबवली. रवांडाने ते नुकसान सोसले.

या निर्णयाची किंमत तिथल्या सामान्य माणसानेही मोजली. जुने कपडे विकणाऱ्या कित्येकांचा धंदा बसला, अंगावरचा कपडा महागला आणि मोकळ्या झालेल्या जागेत स्वस्त चिनी माल घुसला. स्वदेशीचा मार्ग कुठेच सरळ नसतो. पण किमिरोंको बाजारात शिवणयंत्रे घेऊन ओळीने बसलेले शिंपी आणि शिंपिणी आजही दिसतात. माणसे रंगीबेरंगी कापड विकत घेतात आणि तिथेच मापे देऊन कपडा शिवून नेतात. आपल्याकडे गल्लीच्या तोंडाशी बसणारा शिंपी आता ‘अल्टरेशन’पुरता उरला, तोही शोधावा लागतो.

आपला देश ही श्रीमंतांच्या उतरलेल्या कपड्यांची अडगळीची खोली नाही, असे एका गरीब देशाने सांगितले. ‘पुरे’ हा शब्द त्याने उच्चारला. तो उच्चारायला तिजोरीत सोने असावे लागत नाही, मान ताठ असावी लागते.

महिन्याचा शेवटचा शनिवार

रवांडात महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी आठ ते अकरा या वेळात दुकाने बंद असतात आणि रस्ते जवळजवळ निर्मनुष्य असतात. त्या वेळात १८ ते ६५ वयाच्या प्रत्येक धडधाकट नागरिकाने आपल्या वस्तीत श्रमदानाला यायचे असते. याला ‘उमुगांडा’ म्हणतात. कुदळ, फावडे, विळा घेऊन माणसे गटारे उपसतात, रस्त्याकडेचे गवत काढतात, झाडे लावतात, एखाद्या विधवेच्या घराची भिंत उभी करतात. अधिकारी आणि मंत्रीही यातून सुटत नाहीत. काम संपले की तिथेच सभा भरते आणि वस्तीचे प्रश्न बोलले जातात.

श्रमदान हा शब्द आपल्याला नवा नाही. गाडगेबाबांच्या हातातला खराटा ज्या भूमीने पाहिला, तिला तो नवा असण्याचे कारणच नाही. बाबांच्या नावाने २००० साली सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानात खेडोपाडी माणसे रस्त्यावर उतरली. हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धी या गावांनी श्रमाच्या बळावर आपले रूप पालटले. प्रश्न शहरातल्या सुखवस्तू माणसाचा आहे. तो स्वच्छता विकत घेतो. महिन्याला ठरावीक रक्कम दिली की त्याचा कचरा सकाळी दारातून नाहीसा होतो, आणि नाहीसा झालेला कचरा संपला, असे त्याला वाटते.

कचरा संपत नसतो. तो दुसऱ्याच्या दारात जातो. मुंबईचा कचरा १९२७ पासून देवनारला जाऊ लागला आणि तिथे त्याचे डोंगर झाले. जानेवारी २०१६ मध्ये त्या डोंगराला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांनी टिपला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या शाळांत आपली मुले नव्हती. गोवंडी आणि शिवाजीनगरच्या वस्त्यांतली मुले होती. सांस्कृतिक राजधानी म्हणवणाऱ्या पुण्याने वर्षानुवर्षे आपला कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी मारला. तिथल्या विहिरींचे पाणी नासले, ग्रामस्थांनी पुन्हा पुन्हा आंदोलने केली. दरवेळी शहरात चार दिवस दुर्गंधी सुटली की वर्तमानपत्रांतून ‘कचराकोंडी’ची बातमी येई. कोंडी शहराची मानली गेली, त्या गावांची नव्हे!

स्वतःच्या हाताने गटार उपसणाऱ्याला बाजारात काही घेताना आपोआप एक विचार सुचतो, की याचे वेष्टन उद्या मलाच उचलायचे आहे. ज्याचा कचरा दुसराच कोणी उचलतो, त्याला असा विचार सुचण्याचे कारण उरत नाही. चंगळवादाचे मूळ असे निव्वळ पैशात नसते. आपल्या उपभोगाचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवण्याची सोय झाली की तो फोफावतो.

गाय आणि पहिली कालवड

रवांडातील ज्या योजनेने या लेखकाला सर्वाधिक अंतर्मुख केले, तिचे नाव ‘गिरिंका’. या शब्दाचा अर्थ ‘तुझ्या दारी गाय असो’. एकमेकांना गोधनाचे चिंतन करण्याची तिथली जुनी चाल आहे. २००६ पासून सरकार प्रत्येक गरीब कुटुंबाला एक गाय देते. दुधाने मुलांचे पोषण होते, शेणखताने डोंगरउतारावरची माती सुधारते. पण योजनेचा आत्मा तिच्या अटीत आहे. त्या गाईला होणारी पहिली कालवड शेजारच्या दुसऱ्या गरीब कुटुंबाला द्यायची. ज्याला मिळाले त्याने आपला संसार पुरता सावरण्याची वाट न पाहता पुढे द्यायचे. १९९४ मध्ये ज्या शेजाऱ्यांनी एकमेकांचे गळे चिरले, त्यांच्यात गाय हा पुन्हा नाते जोडणारा धागा ठरला. २४ जुलै २०१८ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी रुवेरू या गावात या योजनेसाठी दोनशे गाई भेट दिल्या, तेव्हा आपल्या काही विद्वानांनी नाके मुरडली. भेटीतले औचित्य त्यांना कळले नाही. ज्या देशात गाय हीच संपत्ती आणि गाय हाच आशीर्वाद, तिथे यापेक्षा समर्पक भेट कोणती असू शकली असती?

एका गाईचा धनी पहिली कालवड देऊन टाकतो. आपण कोणत्या टप्प्यावर देऊ लागतो? घराचे हप्ते फिटल्यावर, मग मोठ्या गाडीचे, मग मुलाच्या परदेशी शिक्षणाचे, मग दुसऱ्या घराचे. ‘थोडे स्थिरस्थावर झालो की समाजासाठी काही करीन’ असे म्हणणारी एक संपूर्ण पिढी स्थिरस्थावर न होताच निवृत्त झाली. कारण स्थैर्याची रेषा दर पगारवाढीबरोबर पुढे सरकत राहिली. २०२२-२३ मध्ये भारतीय कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत सकल राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे पाच टक्क्यांपर्यंत घसरली, हा गेल्या कित्येक दशकांतला नीचांक होता. बचत हा ज्या समाजाचा स्वभाव होता, तो हप्त्यांवर जगू लागला. नोव्हेंबर २०२३ मध्ये तारणाविना दिल्या जाणाऱ्या ग्राहककर्जांना लगाम घालण्यासाठी रिझर्व्ह बँकेला नियम कडक करावे लागले. घरातल्या वडीलधाऱ्यांनी जे सांगायचे, ते मध्यवर्ती बँकेला सांगावे लागले!

आक्षेप येतील

पहिला आक्षेप असा येईल की, तिथे हुकूमशाही आहे. त्यात तथ्य आहे. पॉल कगामे २००० पासून राष्ट्राध्यक्ष आहेत आणि २०२४ च्या निवडणुकीत त्यांना ९९ टक्के मते मिळाली. असा आकडा निकोप लोकशाहीत निघत नाही. विरोधकांची मुस्कटदाबी होते, उमुगांडा चुकवणाऱ्याला दंड होतो, आणि शेजारच्या काँगोतील बंडखोरांना रवांडाचे पाठबळ असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी नोंदवले आहे. ती राजवट आपला आदर्श नव्हे, होऊही नये. पण हा आक्षेप घेणाऱ्याने पुढचा प्रश्न टाळू नये. तिथे दंडाच्या धाकाने जे होते, ते आपल्याकडे स्वेच्छेने का होत नाही? स्वातंत्र्य म्हणजे हवे तितके ओरबाडण्याची मुभा, असा अर्थ आपण रूढ केला, तर उद्या पाणी, हवा आणि जमीन संपत आल्यावर दंडुका इथेही येईल. संयम हा स्वतंत्र माणसाचा गुण आहे. तो आतून आला नाही तर बाहेरून लादला जातो.

दुसरा आक्षेप अर्थपंडितांचा. उपभोग थांबला तर अर्थव्यवस्थेचे चाक थांबेल, असे ते म्हणतात. आपल्या राष्ट्रीय उत्पन्नात खासगी उपभोगाचा वाटा सुमारे साठ टक्के आहे, हे खरेच. पण ज्या घरात पहिला पंखा, पहिला शीतकपाट यायचा आहे, त्या घराला कोणीही अडवत नाही. त्याचा उपभोग वाढलाच पाहिजे. इथे बोलणे चालले आहे ते दर वर्षी बदलल्या जाणाऱ्या भ्रमणध्वनीविषयी, लग्नातल्या एकशे एक पदार्थांविषयी आणि किंमतपट्टीसकट टाकून दिल्या जाणाऱ्या कपड्यांविषयी. शिवाय दुरुस्ती हाही रोजगारच आहे. शिंपी, चांभार, घड्याळजी, कल्हईवाला, गादीवाला, विजेची उपकरणे दुरुस्त करणारा या साऱ्यांचे हात आपण रिकामे केले आणि त्याला प्रगती म्हटले. वस्तू टिकवण्यावरही अर्थव्यवस्था उभी राहू शकते. ती अनेक शतके उभी होतीच.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. गरिबीचे उदात्तीकरण करू नका, असे सांगितले जाईल. अगदी मान्य! गरिबी हा सद्गुण नाही. किगालीच्या टेकड्यांवर वीस-वीस लिटरचे पिवळे डबे घेऊन पाण्यासाठी चढउतार करणारी मुले पाहिली की गरिबीविषयीचे सारे काव्य विरून जाते. त्या देशात २०१९-२० च्या पाहणीनुसार पाच वर्षांखालील सुमारे ३३ टक्के बालकांची वाढ कुपोषणाने खुंटलेली होती. हा आकडा मन विषण्ण करतो. आता त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला आपला आकडा पाहावा. भारताचा ३५.५ टक्के आणि प्रगत म्हणवणाऱ्या महाराष्ट्राचा ३५.२ टक्के. आपल्या निम्म्याहून कमी उत्पन्न असलेल्या, तीन दशकांपूर्वी स्मशान झालेल्या देशाची मुले आणि आपली मुले या एका मोजपट्टीवर जवळजवळ शेजारी उभी आहेत. मग आपल्या जादा उत्पन्नाचे आपण काय केले? त्यातले पुष्कळसे आपल्या कपाटांत, वाहनतळांत आणि मंगल कार्यालयांच्या मागे टाकलेल्या उष्ट्या ताटांत गेले, असे उत्तर दिले तर ते कटू आहे, पण खोडून काढणे अवघड आहे. मेळघाटातील बालकाची भूक आणि आपल्या पंगतीतले उष्टे यांचा सरळ संबंध नाही, असे कोणी म्हणेल. हिशेबाच्या वहीत नसेलही. समाज एक देह आहे असे आपण मानतो, तेव्हा मात्र तो संबंध नाकारता येत नाही.

व्रत घरातून सुरू होते

अपरिग्रह हा शब्द आपल्या परंपरेने जगाला दिला, हे आपण व्यासपीठावरून अभिमानाने सांगतो. व्याख्यान संपल्यावर वक्त्याला प्लॅस्टिकच्या वेष्टनातला पुष्पगुच्छ आणि आणखी एक शाल देतो. त्याच्या घरी आधीच्या चाळीस शाली पडून असतात. बोलण्यातली आणि वागण्यातली ही फारकत परके दाखवतील त्याआधी आपणच पाहिलेली बरी. ज्यांनी समाजाला वळण लावायचे, त्या कार्यकर्त्यांच्या घरांपासून याची सुरुवात व्हायला हवी. गावोगावी बैठकीला जाताना सोबत दोन कपड्यांची पिशवी आणि कुणाच्याही घरचे साधे जेवण यांत आनंद मानणारी माणसे आपण पाहिली आहेत. त्यांना त्यात कसलाही त्याग वाटत नसे. त्यांच्याच पुढच्या पिढीच्या मुंजी आणि साखरपुडे आज लग्नाच्या थाटाने होतात.

फार मोठ्या प्रतिज्ञांची गरज नाही. मंडईला जाताना कापडी पिशवी घेतली, लग्नात ताटे मोजून पदार्थ ठेवले, शालीऐवजी रोप वा पुस्तक दिले, फाटलेले शिवून घेतले, महिन्यातून एका सकाळी आपल्या संकुलातल्या माणसांनी फाटकाबाहेरचा रस्ता स्वतः झाडला, तरी पुष्कळ झाले. शेवटच्या गोष्टीला सर्वांत जास्त विरोध होईल, हेही लक्षात ठेवावे; कारण खराटा हाती घेतला की प्रतिष्ठेचा पहिला पापुद्रा निघतो. मुलांना मात्र त्या सकाळी आवर्जून सोबत न्यावे. सणाच्या खरेदीत वाढलेल्या पिढीला ‘पुरे’ हा शब्द उपदेशातून कळणार नाही, आईवडिलांच्या हातातल्या खराट्यातून कदाचित कळेल.

आणि बाजारात नवी वस्तू उचलण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला एवढेच विचारावे: ही माझ्या मनातून उतरली की कोणाच्या दारात जाऊन पडणार आहे? त्या दारातल्या माणसाने ‘आम्हाला नको’ असे सांगायला सुरुवात केली आहे. त्याचे म्हणणे ऐकण्याइतके शहाणपण आपण वेळेवर दाखवावे, हे उत्तम.